फुगीर, बोजड की क्लिष्ट?

मुलांच्या वह्या तपासताना किंवा विज्ञानाच्या एखाद्या पुस्तकाविषयी बोलताना आपण भाषेवर शेरा मारतो. हा शेरा बहुधा एकाच शब्दाचा असतो : 'बोजड'. कधी त्याऐवजी 'क्लिष्ट' असतो, कधी 'अवघड', कधी 'पुस्तकी'. हे सारे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. वर्गात मात्र आपण वजन आणि वस्तुमान, उष्णता आणि तापमान यांची गल्लत होऊ देत नाही. मग भाषेचे दोष सांगतानाच एवढी ढिलाई का?

ही ढिलाई निरुपद्रवी नाही. दोषाचे नाव चुकले की उपायही चुकतो. शिवाय शेऱ्यांच्या या यादीतून एक शब्द जवळजवळ हरवला आहे, तो म्हणजे 'फुगीर'. विज्ञानाच्या भाषेतला सर्वांत घातक दोष फुगीरपणा हाच आहे, आणि नेमका तोच आपल्या लाल शाईतून निसटतो, असे या लेखाचे म्हणणे आहे.

एक गोष्ट, पाच तऱ्हा

अगदी साधी गोष्ट घेऊ. वारा असला की ओले कपडे लवकर वाळतात. का? खालची पाचही उत्तरे या लेखासाठी मुद्दाम रचलेली आहेत.

पहिले उत्तर : 'कपड्याजवळची हवा कपड्यातल्या पाण्याच्या वाफेने दमट होते. वारा ही दमट हवा दूर नेतो आणि तिच्या जागी कमी दमट हवा येते. म्हणून कपडे लवकर वाळतात.'

दुसरे : 'वस्त्रपृष्ठालगतच्या आर्द्र वायुस्तराचे वातप्रवाहाद्वारे निष्कासन होऊन तत्स्थानी तुलनेने शुष्क वायूचे आगमन होत असल्याने बाष्पीभवनाचा वेग वृद्धिंगत होतो.'

तिसरे : 'कपड्याजवळची हवा, जी कपड्यातल्याच वाफेने, वारा नसेल तर, दमट होत गेल्यामुळे आणखी वाफ, कोरडी हवा जितकी घेईल तितकी, घेऊ शकत नाही, ती वारा दूर नेतो म्हणून कपडे लवकर वाळतात.'

चौथे : 'आपल्या घरी रोज कपडे धुतात. काही कपडे जाड असतात, काही पातळ. चादरी असतात, रुमाल असतात. कोणी ते दोरीवर टाकतात, कोणी कुंपणावर. कधी वारा असतो, कधी नसतो. वारा असला की कपड्याजवळची दमट हवा निघून जाते. मग कपडे लवकर वाळतात. मग आपण त्यांच्या घड्या करतो.'

पाचवे : 'वाळणे ही निसर्गाच्या अथांग प्रयोगशाळेत अविरत चालणारी एक अद्भुत प्रक्रिया असून तीत वाऱ्याच्या गतिमान शक्तीचा सिंहाचा वाटा असतो.'

आता शेरे मारू या. दुसरे उत्तर बोजड आहे. शब्द जड आहेत. पण ओझ्याखाली माल पूर्ण आहे. शब्दकोश घेऊन बसलात तर पहिल्या उत्तरातली प्रत्येक गोष्ट इथे सापडेल. तिसरे क्लिष्ट आहे. त्यात एकही अवघड शब्द नाही. गुंता वाक्यरचनेत आहे. चौथे पाल्हाळिक आहे. त्यातही उत्तर आहे, फक्त ते घड्या आणि चादरी यांच्या मधे कुठेतरी पडले आहे.

पाचवे उत्तर फुगीर आहे. त्यातली हवा काढून टाका. उरते एवढेच : 'वाऱ्यामुळे कपडे वाळायला मदत होते.' पण हे तर आपण प्रश्नातच म्हटले होते! 'का?' या प्रश्नाला पाचव्या उत्तरात उत्तरच नाही.

उपाय किती निरनिराळे आहेत पाहा. बोजड उत्तराला सोपे शब्द हवेत. क्लिष्ट उत्तराचे दोन-तीन तुकडे करायला हवेत. पाल्हाळिक उत्तराला कात्री हवी. फुगीर उत्तराला यांतले काहीच लागू पडत नाही. त्याचे शब्द सोपे करा, वाक्ये तोडा, लांबी निम्मी करा. आत काही नव्हतेच, ते येणार कुठून? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तिथे मुलाला पुन्हा कपड्यांच्या दोरीपाशी न्यावे लागते.

फुगणे दोन प्रकारचे

'फुगीर' हा शब्द मुळात निंदेचा नाही. तव्यावरची भाकरी फुगली की करणारीला समाधान वाटते. रात्री भिजत घातलेले हरभरे सकाळी फुगलेले असतात. रोपाच्या पेशी पाण्याने फुगून ताठ झालेल्या असतात, म्हणून कोवळे रोप उभे राहते. पाणी कमी पडले की तेच रोप मान टाकते.

या उदाहरणांत मात्र एक फरक आहे आणि तो तराजूने दाखवता येतो. भाकरी फुगते ती आतल्या पाण्याची वाफ पापुद्रा उचलून धरते म्हणून. तिचे वजन वाढत नाही. थोडी वाफ निघून गेल्याने ते किंचित कमीच होते. हरभरा फुगतो तो पाणी पिऊन. त्याचे वजन जवळजवळ दुप्पट होते. दोन्ही फुगले, पण एकात भर पडली आणि एकात नाही.

भाषेबद्दल 'फुगीर' म्हणताना आपल्याला पहिला प्रकार अभिप्रेत असतो : आकार वाढला, वजन वाढले नाही. अर्थशास्त्राने हीच प्रतिमा 'चलनफुगवटा' या शब्दात वापरली आहे. बाजारात माल तेवढाच आणि नोटा मात्र वाढलेल्या, अशा वेळी प्रत्येक नोटेची किंमत उतरते. शब्दांचेही तसेच होते. प्रत्येक गोष्ट 'अद्भुत', 'अनन्यसाधारण' आणि 'क्रांतिकारी' ठरू लागली की खरोखर अद्भुत असे काही सांगायचे असेल त्या दिवशी हाताशी शब्द उरत नाही.

शेजारचे शब्द

मराठीत या शब्दाला शेजारी पुष्कळ आहेत, पण सगळे सख्खे नाहीत. 'पोकळ' म्हणजे आत रिकामे. ते फुगलेले असेलच असे नाही. 'बघू, करू' एवढेच आश्वासन पोकळ असते, पण त्याला कोणी फुगीर म्हणणार नाही. 'शब्दबंबाळ' हा शब्द शब्दांच्या संख्येकडे बोट दाखवतो. 'भपकेबाज' शब्दांच्या झगमगाटाकडे पाहतो. 'बढाईखोर' आणि 'वाचाळ' हे माणसाचे गुण झाले, लेखनाचे नव्हेत. अगदी नम्र आणि अबोल माणूसही फुगीर लिहू शकतो. 'अवडंबर' मध्ये समारंभाचा थाट आहे. 'फुगीर' ला मात्र दोन गोष्टी एकाच वेळी लागतात. बाहेरून भरल्यासारखे दिसले पाहिजे आणि आत तेवढे नसले पाहिजे.

पोटात वारा धरणाऱ्या पदार्थांना आपण 'वातूळ' म्हणतो. मराठीत आज वातूळ म्हटले की वाल, पावटे, वाटाणेच डोळ्यांसमोर येतात. भाषणाला हा शब्द लावायची पद्धत आपल्याकडे नाही. इंग्रजीने मात्र तो संसार थाटला आहे. 'फ्लॅट्युलंट' हे विशेषण तिथे पोटालाही लागते आणि भाषणालाही. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'फुंकणे' हा अर्थ आहे. 'टर्जिड' हे विशेषण पाण्याने ताठलेल्या पेशीला लागते आणि सुजलेल्या शैलीलाही. 'बॉम्बास्टिक' ची कथा तर शिंप्याकडची आहे. 'बॉम्बास्ट' म्हणजे कपड्यांना आतून भर देण्यासाठी वापरायचा कापूस. सोळाव्या शतकात अंगरखे आणि बाह्या फुगवण्यासाठी तो ठासून भरत. पुढे तोच शब्द भरताड भाषेला लागला. एका भाषेने वाऱ्याकडे, पाण्याकडे आणि कापसाकडे पाहून तीन शब्द घडवले, पण निदान एकच : दिसते तेवढे अंग आत नाही.

आपल्याकडेही हे निदान जुने आहे. अकराव्या शतकातल्या मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्यदोषांची जी यादी दिली, तीत 'क्लिष्ट' वेगळा आहे, 'अप्रतीत' वेगळा आहे आणि 'निरर्थक' वेगळा आहे. अर्थापर्यंत पोचायला आडवळणे घ्यावी लागतात तो क्लिष्ट. एखाद्या शास्त्रातच ठाऊक असलेला शब्द काव्यात घातला तर तो अप्रतीत. केवळ वृत्ताची जागा भरण्यासाठी घातलेली 'च', 'हि' यांसारखी पदे निरर्थक. शिवाय 'अधिकपद' आणि 'अपुष्ट' असेही दोष आहेत. अपुष्ट म्हणजे ज्याने अर्थाला पोषण मिळत नाही, काढले तरी काही बिघडत नाही असे. आपण 'बोजड' या एका पोत्यात जे कोंबतो, ते मम्मटाने इतक्या कप्प्यांत लावून ठेवले होते.

अवघड म्हणजे फुगीर नव्हे

सोप्या भाषेचा आग्रह धरणारे पुष्कळदा पारिभाषिक शब्दांवरच घसरतात. 'परासरण' नको, 'धनाग्र' नको, 'प्रकाशसंश्लेषण' नको! इथे थोडे थांबायला हवे. पारिभाषिक शब्द हा भिजलेल्या हरभऱ्यासारखा असतो. तो जाड दिसतो, पण त्यात काहीतरी शोषलेले असते.

मायकेल फॅरडेचे उदाहरण पाहा. विद्युत अपघटनाचे प्रयोग करताना त्याला 'पोल' म्हणजे ध्रुव हा प्रचलित शब्द खटकू लागला. ध्रुव म्हटले की तो कणांना स्वतःकडे ओढतो असे आपोआप सूचित होते, आणि प्रयोगांवरून फॅरडेला तसे म्हणवेना. विल्यम ह्यूएल या विद्वानाचा सल्ला घेऊन त्याने १८३४ साली इलेक्ट्रोड, अॅनोड, कॅथोड, आयन हे शब्द वापरात आणले. त्या काळच्या वाचकाला ते विचित्रच वाटले असणार. पण ते मिरवण्यासाठी आणलेले नव्हते. एक चुकीची समजूत बाहेर ठेवण्यासाठी आणलेले होते. याच फॅरडेने पुढे मुलांसमोर एका मेणबत्तीवर व्याख्यानमाला दिली आणि ती आजही जगभर वाचली जाते. नवे शब्द घडवणारा माणूस फुगीर बोलतोच असे नाही, हे यावरून ध्यानात यावे.

सोपे म्हणजे भरीव नव्हे

याच्या उलट बाजू अधिक महत्त्वाची आहे. १९६६ साली रिचर्ड फाइनमनने अमेरिकेतल्या विज्ञान शिक्षकांपुढे एक भाषण केले. त्यात त्याने पहिलीच्या विज्ञानाच्या एका पुस्तकाचा दाखला दिला. पुस्तकात चावीचे खेळण्यातले कुत्रे, खरे कुत्रे आणि मोटारसायकल यांची चित्रे होती आणि प्रत्येकाखाली प्रश्न होता : हे कशामुळे चालते? शिक्षकांसाठीच्या प्रतीत उत्तर होते : ऊर्जेमुळे चालते.

उत्तर चार शब्दांचेही नाही. त्यात बोजड काही नाही, क्लिष्ट काही नाही. तरी फाइनमनचा आक्षेप असा की यातून मूल काहीच शिकत नाही. 'ऊर्जेमुळे' च्या जागी 'देवामुळे' किंवा 'चालण्याच्या शक्तीमुळे' घातले तरी वाक्य तितकेच खरे किंवा खोटे राहते. त्यापेक्षा खेळणे उघडून आतली स्प्रिंग आणि दातेरी चाके पाहावीत, चावी फिरवली की स्प्रिंग कशी गुंडाळली जाते ते पाहावे. त्याने एक कसोटीही सुचवली : नुकताच शिकवलेला नवा शब्द न वापरता, आपण काय शिकलो ते मुलाला स्वतःच्या भाषेत सांगता येते का?

हा रोग जुनाच आहे. १६७३ साली फ्रेंच नाटककार मोलिएरने आपल्या शेवटच्या नाटकात वैद्यकीच्या परीक्षेचा एक प्रवेश रंगवला. अफूने झोप का येते, या प्रश्नावर उमेदवार उत्तर देतो : तिच्यात झोप आणणारा गुण असतो म्हणून. उत्तर लॅटिनमध्ये असल्याने परीक्षक खूश! हा प्रवेश हसण्यासाठी लिहिलेला आहे. पण 'लोहचुंबक लोखंड का ओढतो? त्याच्यात चुंबकत्व असते म्हणून' या उत्तराला आपण पूर्ण गुण देतो, तेव्हा त्याच परीक्षकांच्या बाकावर बसलेले असतो.

फुगीर भाषा खपते का?

बोजड लिहिणारा पकडला जातो, हे एका प्रयोगातही दिसले आहे. डॅनियल ओपेनहायमर या मानसशास्त्रज्ञाने २००६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्याने काही उतारे घेऊन त्यांतल्या साध्या शब्दांच्या जागी लांब, भारदस्त शब्द घातले आणि वाचकांना लेखकाच्या बुद्धीविषयी विचारले. उतारा जितका अवघड झाला तितका लेखक कमी बुद्धिमान वाटला. निबंधाचे शीर्षक त्याने मुद्दाम बोजड ठेवले होते आणि त्यासाठी त्याला त्या वर्षीचे इग नोबेल हे विनोदी पारितोषिकही मिळाले.

आता दुसरा प्रयोग पाहा. २००८ साली डीना वाइसबर्ग आणि तिच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या वागणुकीची काही स्पष्टीकरणे लोकांना वाचायला दिली. काही चांगली होती, काही मुद्दाम पोकळ ठेवलेली होती. त्यांतल्या काहींना 'मेंदूच्या छायाचित्रणातून असे दिसते की' या धर्तीची मेंदूविषयक माहिती जोडली होती. या माहितीचा स्पष्टीकरणाशी काही संबंध नव्हता. तरीही सामान्य वाचकांना तीमुळे पोकळ स्पष्टीकरणेही समाधानकारक वाटली. मेंदूशास्त्राचा अभ्यास नुकता सुरू केलेले विद्यार्थीही फसले. फसले नाहीत ते त्या विषयातले जाणकार.

हे दोन प्रयोग शेजारी ठेवले की आपला मुद्दा स्पष्ट होतो. बोजड भाषेने लिहिणाऱ्याचे नुकसान होते; फुगीर भाषेने त्याचा फायदा होतो. म्हणून पहिली आपोआप मागे पडू शकते, दुसरी शोधून काढावी लागते.

आणि आपण तर तिला बक्षिसे देतो. 'विज्ञान : शाप की वरदान' हा निबंध पिढ्यानपिढ्या लिहिला जात आहे. त्यात अग्नीचा शोध, चंद्रावरचे पाऊल, अणुबाँब आणि शेवटी 'विज्ञान हे दुधारी शस्त्र आहे' असे सगळे असते. एका तरी यंत्राचे किंवा एका तरी औषधाचे काम कसे चालते, ते बहुधा नसते.

२८ फेब्रुवारीची भाषणेही आठवून पाहा. १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. रामन यांनी भारताची मान उंचावली, जगाला दिपवले, विज्ञानाच्या क्षितिजावर तेजस्वी तारा उगवला, असे मुले खणखणीत आवाजात सांगतात. हवा काढली की खाली एक तारीख आणि १९३० चे नोबेल पारितोषिक एवढेच उरते. १९२८ साली कलकत्त्यात रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांनी पाहिले तरी काय होते? एकाच रंगाचा प्रकाश पारदर्शक द्रवात सोडला की विखुरलेला बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा राहतो, पण त्याचा अगदी थोडा भाग बदललेल्या रंगाचा असतो. आणि हा बदल त्या द्रवाच्या रेणूंवर अवलंबून असतो. म्हणून विखुरलेला प्रकाश तपासून पदार्थ ओळखता येतो. चार ओळींत मावणारी ही गोष्ट टाळ्यांत हरवते.

यात केवळ निबंधाचे गुण पणाला लागलेले नाहीत. बाजारात विकली जाणारी कडी, खडे आणि 'भारित' पाणी ज्या भाषेत विकले जाते ती याच कुळातली आहे. 'शरीरातील ऊर्जेचा समतोल साधते', 'सकारात्मक कंपने निर्माण करते'. जाहिरातीत 'मधुमेह बरा होतो' असे छापले तर १९५४ चा जादुई उपायांविरुद्धचा कायदा आडवा येऊ शकतो. 'ऊर्जेचा समतोल' या वाक्यात मात्र पकडायलाच काही नसते. कोणती ऊर्जा, किती, कशाने मोजली, यांतले काहीच त्यात नाही. 'कुत्रे ऊर्जेमुळे चालते' हे वाक्य ज्या मुलाने वर्गात निमूटपणे गिळले, त्याला मोठेपणी हे वाक्य खटकावे कसे?

वर्गात काय करावे?

लंडनच्या रॉयल सोसायटीचा पहिला इतिहास टॉमस स्प्रॅटने १६६७ साली लिहिला. सभासदांनी लेखनातला फापटपसारा, विषयांतर आणि शैलीचा फुगवटा टाकून द्यायचे ठरवले आणि पंडितांपेक्षा कारागीर, खेडूत व व्यापारी यांची भाषा जवळ केली, असे त्यात नमूद आहे. हा ठराव आपल्यालाही घेता येईल. त्यासाठी तीन सोप्या कसोट्या सुचवाव्याशा वाटतात.

एक, विशेषणे खोडून पाहा. 'अथांग', 'अविरत', 'अद्भुत' गेल्यावर वाक्याने काही गमावले का?

दोन, वाक्य उलटे करून पाहा. 'वारा दमट हवा दूर नेतो' याच्या उलट म्हणता येते, आणि कोण बरोबर ते तपासताही येते. 'वाऱ्याचा सिंहाचा वाटा असतो' याचे काय तपासणार?

तीन, नवा शब्द झाकून पाहा. 'चुंबकत्व', 'ऊर्जा', 'गुरुत्वाकर्षण' यांवर बोट ठेवून मुलाला उरलेले सांगायला लावा.

कपड्यांच्या पाच उत्तरांचा तक्ता फळ्यावर लिहून मुलांकडूनच शेरे मारून घेता येतील. नंतर त्यांना त्यांच्याच पाठ्यपुस्तकातले, वर्तमानपत्रातले आणि एखाद्या जाहिरातीतले एकेक वाक्य आणायला सांगावे. बोजड निघाले तर ते सोपे करावे, क्लिष्ट निघाले तर तोडावे. फुगीर निघाले तर समासात 'भाषा सुधारा' असे लिहू नये. तिथे 'यातून काय कळले?' असे लिहावे आणि उत्तराची वाट पाहावी. हा शेरा आपल्या स्वतःच्या टिपणांच्या समासातही चालतो.